प्रधानबाईंची किळस

प्रधानबाईंना किळस फार यायची. इतरांना राग येतो, रडू येतं, तशी बाईंना किळस यायची आणि ती लपवायची असते हे त्यांना कधी कुणी शिकवलेलं नव्हतं. नाकाच्या दोन्ही बाजूंना बारीक सुरकुत्या पडायच्या, वरचा ओठ जरासा उचलला जायचा आणि मग एकच शब्द यायचा, "ओंगळ!" भातातला खडा थुंकावा तसा तो शब्द त्या टाकायच्या.

तो त्यांनी कशाकशाला वापरलेला मी ऐकलाय. देवाच्या तसबिरीला घातलेला प्लॅस्टिकचा हार. मुख्याध्यापकांच्या वाढदिवसाला शिक्षकांनी म्हटलेली स्तुतीची कविता. गाइडातून शब्दन् शब्द उतरवलेला निबंध. लग्नात ताट हातात घेऊन एकमेकांना ढुशा देत जेवणारी माणसं. पण कोळणीची पाटी दारात आली, की मासे चिवडताना, बोंबील साफ करताना, कोपरापर्यंत हात बरबटलेले असताना त्यांना हा शब्द आठवत नसे. घाण वेगळी आणि ओंगळ वेगळं, असा त्यांचा हिशेब होता. "घाण धुतली की जाते," त्या म्हणायच्या. "ओंगळपणा माणसाला आवडतो म्हणून असतो."

मी रोह्याची. नव्वदच्या सुमारास पेणच्या शाळेत भूगोल शिकवायला लागले तेव्हा बाई तिथे मराठी आणि संस्कृत शिकवत होत्या आणि पन्नाशीला टेकल्या होत्या. एकाच इमारतीत आमची बिऱ्हाडं शेजारी, स्वयंपाकघरांच्या खिडक्या समोरासमोर. उंच, सडसडीत बांधा, कडक खळ केलेली सुती पातळं आणि कपाळावर ठसठशीत कुंकू. त्यांचे यजमान लग्नानंतर थोड्याच वर्षांत गेले होते. हे मला कळलं त्या दिवशी मी त्या कुंकवाकडे जरा जास्तच पाहिलं असणार. बाईंनी ते ओळखलं.

"माझ्या आईने मला हे पहिल्यांदा लावलं तेव्हा मला धड बोलताही येत नव्हतं," त्या म्हणाल्या. "नवरा कितीतरी नंतर आला. त्याच्याबरोबर हे कसं जाईल?"

देवाचं त्या मनापासून करायच्या. पहाटे आंघोळ, मग पूजा, आणि पूजा चालू असताना मोठ्याने स्तोत्र. मध्येच स्तोत्र थांबायचं. "मंदा, कोलंबी आली का गं खाली?" मी आली म्हटलं की, "थांबवून ठेव तिला," आणि पुढची ओळ सुरू. सोमवार आणि चतुर्थी सोडली तर त्यांच्या घरात उदबत्ती आणि तळणीतले मासे यांचा वास एकत्रच यायचा. त्यात काही विसंगत आहे असं त्यांना कधी वाटलं नाही. त्यांच्या माहेरी असंच होतं. कासू आणि गडबच्या मधल्या खारेपाटात, खाडीच्या कडेला त्यांचं गाव. वडिलांची तिथे पुष्कळ जमीन होती, ती कायद्याने कुळांकडे गेली. जमीन गेल्याचं दुःख बाईंना नव्हतं. गावची देवी मात्र त्यांची होती. तिचं नाव बांधजाई. खाडीचं खारं पाणी शेतात येऊ नये म्हणून मातीचा लांबलचक बांध घातलेला, त्या बांधाची ही राखणदार. उंडीच्या झाडाखाली चार खांब, वर कौलं, आत शेंदराने माखलेला एक दगड आणि त्याला चांदीचे डोळे. चैत्रात तिची जत्रा, घराघरातून कोंबडा. बाई शाळेला रजा टाकून जायच्या आणि संध्याकाळी परत येऊन मला वाटीभर रस्सा द्यायच्या. "प्रसाद आहे, नुसता रस्सा समजू नकोस."

आता विश्वासबद्दल सांगायला हवं. विश्वास बाईंच्या भावाचा मुलगा. त्याची आई लवकर गेली, म्हणून तो शाळेची सगळी वर्षं बाईंकडे पेणला राहिला. बाईंनी त्याला शिकवलं, वाढवलं, त्याच्या तापात रात्री जागवल्या. मोठा होऊन त्याने रोह्याच्या कंपन्यांना कामगार पुरवण्याचं कंत्राट घेतलं आणि बघता बघता तो विश्वासशेठ झाला. पांढरीशुभ्र जीप, पांढरे कडक कपडे. पेणमध्ये त्याने एक मंडळ काढलं होतं. मंडळाचं काम काय, तर संस्कृतीचं रक्षण. बाई त्याला शेवटपर्यंत विसू म्हणायच्या आणि त्याच्यासाठी खिमा करून ठेवायच्या.

त्र्याण्णवचं साल असावं. एके सकाळी इमारतीतल्या प्रत्येक दारावर एक भगवं स्टिकर चिकटवलेलं होतं. हिंदू असल्याचा अभिमान बाळगा, अशा अर्थाचं. विश्वासच्या मुलांनी जिन्यातून धावत ते लावलं होतं. मी दार उघडलं तेव्हा बाई विळीच्या टोकाने आपल्या दारावरचं स्टिकर खरवडत होत्या. तेवढ्यात विश्वासच जिना चढून वर आला.

"आत्या, अगं काय करतेस?"

"लोणच्याच्या बरणीला लेबल लावतात विसू. आत काय आहे ते विसरायला होतं म्हणून."

"सगळ्यांनी लावलंय."

"मी हिंदू आहे हे मला रोज दारावर वाचून कळायला हवं का? आणि दुसऱ्याला कळवायचं असेल तर कशासाठी? कोण येणार आहे बघायला?"

मुंबईच्या दंगली नुकत्याच होऊन गेल्या होत्या. त्या वर्षी सगळ्यांनाच उत्तर माहीत होतं. आमच्या तळमजल्यावर एक मुसलमान शिंपी राहायचा, त्याचंच दार कोरं होतं. बाईंनी स्वतःचं दार साफ केलं, मग माझं केलं आणि विळी धुऊन ठेवली. "आता दोन दारं झाली कोरी," म्हणाल्या. "तिसरं त्याचं." विश्वास हसला. तेव्हा तो आत्याच्या बोलण्यावर हसायचा.

पुढच्या संक्रांतीला मंडळाने मोठ्या सभागृहात हळदीकुंकू ठेवलं. आधी व्याख्यान, विषय हिंदू स्त्रीची थोरवी, आणि वक्त्या प्रधानबाई. विश्वासने हट्टच धरला होता. बाई सुंदर बोलल्या. मी समोरच बसले होते. टाळ्या थांबल्या आणि करंडा घेऊन एक नवी नवरी व्यासपीठावर आली. पहिल्या पाहुणीला हळदीकुंकू लावलं, दुसरीला लावलं, आणि बाईंपाशी आल्यावर तिचा हात थबकला. तिने कोपऱ्यात उभ्या असलेल्या विश्वासकडे पाहिलं. विश्वासने बोटाने खूण केली, पुढे जा.

ती पुढे गेली. बाईंनी कपाळ किंचित पुढे केलेलं होतं. ते तसंच राहिलं. मला बघवेना, पण डोळेही हलवता येईनात.

बाई उठल्या. मुलीच्या हातातून करंडा काढून घेतला, "अगं, तुझा काही दोष नाही" असं तिला म्हणाल्या आणि पायऱ्या उतरून सभागृहाच्या अगदी मागच्या रांगेत गेल्या. तिथे नुसतं ऐकायला म्हणून आलेल्या काही विधवा बायका बसल्या होत्या. बाईंनी एकेकीच्या कपाळाला कुंकू लावायला सुरुवात केली. एक म्हातारी रडायला लागली. एकीने मान मागे ओढली. एका तरुण बाईने लावून घेतलं आणि लगेच पदराने पुसून टाकलं. "नको हो बाई, घरी मारतील मला," ती म्हणाली. बाईंचा हात तिथे क्षणभर लटकत राहिला.

विश्वास घरी आला तो चिडूनच. "माझी लाज काढलीस. रीत असते ना काही?"

"विसू, घटकाभर मी तिथे बाईची थोरवी गात होते आणि तुम्ही टाळ्या पिटत होतात. त्याच टाळ्यांच्या हाताने मला वगळलंत. मला अपमान नाही वाटला. मला शिसारी आली."

त्या दिवशी केलेला खिमा तसाच राहिला.

पंच्याण्णव साली सप्टेंबरात गणपती दूध पितोय अशी बातमी आली. देशभर आली तशी पेणलाही आली, पण पेणमध्ये तिला जो ऊत आला तो और. गणपतींचा हंगाम नुकताच संपलेला, तरी कारखान्यांमधून उरल्यासुरल्या मूर्ती होत्याच. देवळांसमोरच्या रांगा पुरेनात म्हणून लोक कारखान्यांत घुसले. शाळा लवकर सोडावी लागली. आम्ही घरी येत होतो तर आमच्या गल्लीतल्या कारखान्यासमोर ही गर्दी. वाट्या, चमचे, किटल्या. आत फळीवर शाडूच्या कच्च्या मूर्ती, रंग नाही, डोळे नाहीत, आणि एक बाई हात जोडून एका मूर्तीच्या सोंडेला चमचा टेकवून बसलेली. मोठ्या कॅनमधून वाट्या भरून देत होता विश्वास.

"आत्या, ये! बघ, घेतोय तो!"

कच्ची माती ती, दूध शोषणारच. गर्दीतल्या प्रत्येकाने लहानपणापासून ती माती पायाखाली तुडवली होती. तरी दर चमच्याला जयजयकार होत होता. आम्ही बघत असतानाच त्या मूर्तीची सोंड मऊ झाली, लोंबली आणि थपकन त्या बाईच्या मांडीवर पडली. करड्या चिखलासारखं काहीतरी तिच्या पातळावर ओघळलं. मला वाटलं आता तरी सगळे शुद्धीवर येतील. कुणीतरी ओरडलं, "तृप्त झाला! देव तृप्त झाला!" आणि लोक तो चिखल बोटाने घेऊन कपाळाला लावायला लागले.

"आत्या, एक चमचा तरी," विश्वास म्हणाला. त्याचे डोळे चमकत होते. तो मुळीच ढोंग करत नव्हता, हे मला सगळ्यांत भयंकर वाटलं.

"अरे, आपण पेणची माणसं. यात अजून देव बोलावलेला नाही, एवढं आपल्याला कळू नये?"

"तू हिंदू आहेस ना?"

"आहे. म्हणूनच ओकारी येतेय मला."

कुणीतरी म्हणालं, "बाईंना घरी न्या." मी त्यांचा दंड धरला.

दुसऱ्या दिवसापासून गल्लीत वास सुटला. फळीवरून ओघळलेलं, गटारात साचलेलं, उन्हात नासलेलं दूध. माश्या घोंगावत होत्या, कुत्री गटार चाटत होती. पुढे कितीतरी दिवस आम्ही खिडक्या लावून स्वयंपाक केला. बाईंनी त्या आठवड्यात चहाही कोरा प्यायला.

यानंतर वर्ष-दीड वर्षाने विश्वासने बांधजाईचा जीर्णोद्धार काढला. ट्रस्ट केला, अध्यक्ष तोच. बाईंना सुरुवातीला बरं वाटलं होतं. कौलं गळतात, छप्पर हवंच, म्हणाल्या. मग हळूहळू एकेक कानावर यायला लागलं. देवीवरचा शेंदूर उतरवताना थरांमागून थर निघाले आणि आतून अगदी लहान, बिनआकाराचा काळा दगड निघाला. विश्वासला म्हणे तो लोकांना दाखवायला लाज वाटली. त्याने राजस्थानातून संगमरवरी मूर्ती मागवली. कोंबडा बंद झाला. देवीची पूजा पिढ्यान्‌पिढ्या गावातल्या एका आगरी घराकडे होती, त्या घरातली हिराबाई आता पूजा करायची. तिच्या जागी बाहेरून पगारी पुजारी आला.

प्रतिष्ठापनेच्या दिवशी बाई मला घेऊन निघाल्या. रेल्वेने कासूला उतरलो आणि तिथून रिक्षाने. गावात शिरायच्या आधीच कर्णा ऐकू आला. सिनेमाच्या चालीवर देवीचं गाणं, गाणारीच्या आवाजात मादक लाडिकपणा. उंडीचं झाड तोडलेलं. बांधाला खेटून गुळगुळीत फरशांचं देऊळ आणि त्याच्या कोऱ्या पायऱ्यांवर आधीच गुटख्याच्या लाल पिचकाऱ्या. नारळाच्या पाण्याने सगळं चिकट झालेलं, पाय उचलला की फरशी सोडायची नाही. मागे खाडीच्या उतारावर उष्ट्या पत्रावळींचा आणि प्लॅस्टिकच्या पेल्यांचा ढीग. दारात पाटी, इथे फक्त सात्त्विक नैवेद्य.

गाभाऱ्यात गोरीपान, लालचुटुक ओठांची, वाघावर बसलेली देवी होती. बाई तिच्यासमोर उभ्या राहिल्या. नमस्कारासाठी हात जोडले गेले होते, ते अर्ध्यावर थांबले.

"ही कोण?" त्यांनी विचारलं.

विश्वास पुढे आला. सोवळं नेसलेला, घामाने डबडबलेला, खूश. "आत्या, आता कुणी आपल्याला हसणार नाही. दगडाला कोंबडं कापणारी माणसं म्हणून हसायचे."

"कोण हसायचं?"

"शिकलेली माणसं."

"मी शिकलेली आहे. मी हसले कधी?"

"तुला नाही कळायचं. जात, कोंबडं, दारू, हे सगळं गेलं की सगळे हिंदू एका पंगतीत बसतील."

"एका पंगतीत. मग हिरा कुठे बसलीय?"

विश्वासने मान वळवली. बाजूच्या दारातून आम्ही पाहिलं तर हिराबाई देवळाच्या मागे उष्ट्या पत्रावळी गोळा करत होती. ट्रस्टने तिला बाहेरची साफसफाई दिली होती.

"आणि आपली देवी?"

"तिचं विसर्जन केलं. विधिवत."

"कुठे?"

"मुलांनी केलं, आत्या. खाडीत कुठेतरी. आता आरतीची वेळ झाली."

बाईंनी पाठ फिरवली. बाहेर येऊन त्या हिराबाईपुढे उभ्या राहिल्या. दोघी एका वयाच्या, लहानपणी याच बांधावर खेळलेल्या.

"हिरा, आईला कुठे टाकलं?"

"सिमेंटच्या गोनीत घातली नं उघाडीच्या पलीकं टाकली," हिराबाई म्हणाली. बांधाला पाणी सोडायचं जे दार असतं, त्याला तिथे उघाडी म्हणतात. "मी बघितला. माज्या घोवाचा आजा पूजा करत व्हता तिची. गोनी बांधली नं भिरकावली. तो विधी."

"मग तू काढली नाहीस?"

"एकटीला कशी निघंल? पोरांना म्हनला तं पोरं भितात. शेटचं काम करतात ना कंपनीत."

ओहोटी लागलेली होती. बाईंनी चपला काढून माझ्या हातात दिल्या, पातळ वर खोचलं आणि बांध उतरल्या. हिराबाई त्यांच्या मागे. मी बांधावर उभी राहून बघत होते. गुडघ्याएवढा काळा चिखल. त्यात गेल्या गणपतीतले प्लॅस्टरचे हात, एक अर्धं पोट, थर्माकोल, निर्माल्याच्या कुजलेल्या पिशव्या, मेलेला मासा. कंपन्यांकडून येणाऱ्या पाण्याचा तो डोक्यात जाणारा वास. आणि वर कर्ण्यावर आरती. बाई चिखलात हात घालून चाचपत होत्या, प्लॅस्टरचा एक-एक तुकडा उचलून बाजूला करत होत्या. एकदा त्या घसरल्या आणि छातीपर्यंत माखल्या. त्यांच्या तोंडून तो शब्द आला नाही.

"बाय, हितं!" हिराबाईच्या पायाला गोणी लागली होती. दोघींनी मिळून ती उपसली, फाडली. आत तोच काळा दगड. त्यांनी तो खाडीच्या पाण्याने धुतला, अगदी तान्ह्या मुलाला धुवावं तसा, एकीने धरून आणि दुसरीने चोळून.

"माझ्याकडे दे," बाई म्हणाल्या. "मी पेणला नेते. माझ्या देवघरात ठेवते."

हिराबाईने दगड पदरात गुंडाळला. "नको. तुज्या देवघरात ती एकली व्हईल. माज्या घरामागं परड्यात ऱ्हाईल. बांध दिसंल तिला."

तिच्या घरी जाऊन दोघींनी हातपाय धुतले. हिराबाईने आतून पितळी तांब्या आणला आणि बाईंपुढे धरला. "पानी पी."

बाईंनी हात पुढे केला. आणि तेवढ्यात, अगदी निमिषभर, त्यांच्या नाकाच्या दोन्ही बाजूंना त्या सुरकुत्या पडल्या. मी पाहिल्या, आणि हिराबाईनेही पाहिल्या. ती शांतपणे म्हणाली, "तुजा बापूस नवसाला यायचा तवा मी तांब्या घेऊन उबी ऱ्हायाची. पानी घरनं आनायचा त्यो. तू सुदीक आनायचीस गो. आज इसरलीस."

बाईंनी तांब्या घेतला. घटाघटा प्यायल्या, पाणी हनुवटीवरून गळ्यावर ओघळलं. रिकामा तांब्या त्यांनी दोन्ही हातांनी परत दिला. हिराबाईने तो घेतला, पण बरं वाटलं असं काही तिच्या चेहऱ्यावर दिसलं नाही.

परतीच्या गाडीत बाईंच्या अंगावरचा चिखल वाळून भेगाळला होता. समोरची माणसं उठून दुसरीकडे जाऊन बसली. नागोठण्याच्या बाजूचा डोंगर मागे पडला तेव्हा बाई बोलल्या.

"मंदा, विसूला हे कुणी शिकवलं, ठाऊक आहे? मी माझ्या घरी वाढवलाय त्याला. हिराच्या घरचं पाणी प्यायचं नाही हे तो माझ्याकडे बघूनच शिकला. त्याने फक्त त्यावर संगमरवर बसवला." आणि मग खिडकीबाहेर बघत म्हणाल्या, "आज मला माझ्याच तोंडाची किळस आली."

 

पुढची वर्षं त्यांना सोपी गेली नाहीत. विश्वासने येणं बंद केलं. बाई धर्माविरुद्ध बोलतात, अशी कुजबुज गावात पसरली. ती कुणी पसरवली हे सगळ्यांना ठाऊक होतं. पालक मुख्याध्यापकांकडे तक्रारी घेऊन आले, संस्कृत शिकवणाऱ्या बाई दूध पिणाऱ्या गणपतीची चेष्टा करतात म्हणून. ज्यांना बाईंनी व्याकरण शिकवलं होतं तीच ही माणसं. त्या निवृत्त झाल्या तेव्हा शाळेने ठरवलेला निरोपसमारंभ ऐन वेळी रद्द झाला. बाई त्या दिवशीही शेवटचा तास पूर्ण घेऊन, फळा पुसून घरी आल्या. रात्री मी त्यांच्याकडे जेवायला बसले तर ताटांशेजारी खिम्याची एक वाढीव वाटी झाकून ठेवलेली होती.

त्यानंतर मी रोह्याच्या शाळेत बदली घेतली. पेणला जाणं कमी झालं. भेट व्हायची ती लग्नाकार्यात, तीही धावती.

त्यांना शेवटचं पाहिलं ते चैत्रात, दुपारी. मी पेणहून एसटीने रोह्याला येत होते आणि गडबच्या पुढे गाडी अडकली. खारेपाटातल्या जत्रेला मंडळाची मिरवणूक निघाली होती. जीप, झेंडे, टेम्पोवर रचलेले कर्णे, पोरं नाचत होती. हायवेवरून गावाकडे उतरणाऱ्या फाट्यावर प्रधानबाई एकट्या उभ्या होत्या. केस पांढरे झाले होते. खांद्याला कापडी पिशवी आणि पिशवीतून मान बाहेर काढून इकडेतिकडे बघणारा लाल तुऱ्याचा कोंबडा.

जीप त्यांच्यापाशी थांबली. विश्वास उतरला. एवढ्या लोकांसमोर आत्याला ओलांडून पुढे जाणं बरं दिसलं नसतं. तो वाकून पाया पडला. माझ्या खिडकीपासून ती दोघं हाकेच्या अंतरावर होती आणि टेम्पोतलं गाणं नेमकं बदलत होतं, म्हणून ऐकू आलं.

"आत्या, निदान आजच्या दिवशी तरी. लोक बघतायत."

"बघू देत. धर जरा," असं म्हणून बाईंनी पिशवी त्याच्या हातात दिली.

त्याने ती घेतली. काय करणार होता? पांढऱ्या कुडत्यातला तो विश्वासशेठ, आणि त्याच्या हातात फडफडणारा कोंबडा. नाचणारी पोरं थांबून बघायला लागली. एक जण हसला आणि लगेच गप्प झाला. बाईंनी सावकाश पदर ओढून कमरेला घट्ट खोचला, केसांतला आकडा काढून पुन्हा लावला. मग त्यांनी त्याच्याकडे बघितलं आणि अगदी पूर्वीच्या आवाजात विचारलं, "येतोस का, विसू? हिरा वाट बघत असेल."

विश्वास पिशवी तशीच धरून उभा होता. एक क्षण असा होता की मला वाटलं, तो जाईल. मग टेम्पोवरचं नवीन गाणं सुरू झालं, धाडकन, आणि त्याने पिशवी परत केली.

बाई बांधाच्या वाटेला लागल्या. दोन्ही बाजूंना कापणी झालेली कोरडी शेतं होती आणि ऊन वितळत होतं. आमची गाडी सुटली.